पाचशे मीटरचे वर्तुळ पायी फिरताना : शिवाजीनगर ते स्वारगेट

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि पुण्याच्या मध्यवर्ती पेठांमध्ये मेट्रोने उतरता येऊ लागले. तेव्हापासून मनात होते की या टप्प्यातील प्रत्येक स्थानकाभोवतीचे पाचशे मीटरचे वर्तुळ एकदा स्वतःच्या पायांनी मोजून पाहावे. मेट्रो स्थानकाभोवती दाट वस्ती, दुकाने आणि कार्यालये यावीत, लोकांनी घरापासून स्थानकापर्यंत चालत जावे आणि खासगी वाहनांची गरज कमी व्हावी, या विचाराला आपल्याकडे ‘टीओडी’ म्हणजे वाहतूककेंद्री विकास म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणाने स्थानकाचे प्रभावक्षेत्र पाचशे ते आठशे मीटरचे मानले आहे, तर महाराष्ट्राच्या एकात्मिक विकास नियमावलीत पुण्यासाठी पाचशे मीटरची मर्यादा घेऊन तेथे रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे आकारमान पाहून चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या चारपट बांधकाम, देण्याची तरतूद आहे. नकाशावर कर्कटक ठेवून काढलेल्या अशा एका वर्तुळात सुमारे ७८ हेक्टर जमीन येते. त्या ७८ हेक्टरांपैकी किती जमीन खरोखर ‘चालत पोहोचण्याजोगी’ आहे, एवढाच आमचा प्रश्न होता.

आम्ही तिघांनी शनिवार निवडला. हे खरे तर अर्धेच बरोबर ठरले, कारण त्या शनिवारी न्यायालयाचा परिसर शांत होता आणि तेथील कामाच्या दिवसाची गर्दी दिसली नाही. मंडई आणि तुळशीबाग मात्र ऐन भरात असतात. ज्यांना दोन्ही पाहायचे आहे त्यांनी बुधवार किंवा गुरुवार निवडावा आणि सकाळी साडेनऊच्या आत शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकावर पोहोचावे. सोबत विकास आराखड्याच्या त्या भागाच्या नकाशाची छापील प्रत, एक रंगीत पेन्सिल आणि सेकंद दाखवणारे घड्याळ असू द्यावे. फोनवरचा नकाशा जुन्या पेठांतील बोळ नेहमी नीट दाखवत नाही आणि भुयारातून बाहेर आल्यावर आपण नेमके कोठे उभे आहोत हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागतो. एसटीने पुण्यात येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले, तेव्हा आपली गाडी वाकडेवाडीला थांबणार की स्वारगेटला, यावर फेरीची सुरुवात कोणत्या टोकाने करायची हे ठरेल.

जिल्हा न्यायालय स्थानक पाहताना घाई करू नये. भुयारी मार्गिका येथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका डोक्यावरून जाते, आणि तरीही छताच्या रचनेमुळे थेट सूर्यप्रकाश खालच्या फलाटापर्यंत उतरतो. फलाटावर उभे राहून आम्ही घड्याळ लावले आणि सरकत्या जिन्यांनी, वाटेत कोठेही न रेंगाळता, रस्त्यावर आलो तेव्हा चार मिनिटे उलटून गेली होती. आता विचार करा, की दहा मिनिटे चालण्याची तयारी असलेल्या माणसाची चार मिनिटे रस्त्याला पाय लागण्याआधीच संपलेली आहेत. नकाशावरचे वर्तुळ ही खोली मोजत नाही. बाहेर आल्यावर आम्ही चार दिशांना दहा दहा मिनिटे चाललो. एका बाजूला मुठा नदी आडवी येते आणि पलीकडे जायचे तर पूल गाठावाच लागतो. दुसऱ्या बाजूला न्यायालयाच्या आवाराची लांब भिंत आहे. संचेती चौकाकडे उड्डाणपुलाखालून रस्ता ओलांडताना आम्ही एका ठिकाणी जवळपास तीन मिनिटे उभे होतो, आणि तेथे आमच्याबरोबर काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ होते, जे दोन वेळा पाऊल पुढे टाकून परत मागे आले. दहा मिनिटांत जेथवर पोहोचलो तेवढा भाग पेन्सिलने नकाशावर रंगवला तेव्हा वर्तुळाऐवजी एका बाजूला पसरलेला आणि दुसऱ्या बाजूला दबलेला आकार तयार झाला. येथे वाढीव निर्देशांक देऊन उंच इमारती उभ्या राहतीलही, कारण रस्ते रुंद आहेत आणि भूखंड मोठे आहेत. परंतु त्या इमारतींतील माणसे चालत स्थानकावर येतील की तळघरातील वाहन काढतील, हे त्या तीन मिनिटांच्या थांब्यावर ठरणार आहे.

येथून गाडी मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेत जाते. फडके हौद चौकाच्या आसपास वर आल्यावर सगळेच बदलते. दिशा कोणतीही धरा, पाच मिनिटांत दुकान, घर, देऊळ, शाळा, दवाखाना हे सारे लागते, कारण नियोजनकार ज्याला मिश्र वापर म्हणतात तो येथे शेकडो वर्षांपासून चालत आला आहे: खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड. तांबट आळीत आम्ही वीस मिनिटे थांबलो. एक कारागीर तांब्याच्या घंगाळाला मठारकाम करीत होते; घंगाळ मांडीजवळच्या लोखंडी खुंटावर टेकवलेले, डाव्या हाताने ते बोटभर फिरवायचे, उजव्या हाताने हातोडीचा एक ठोका, पुन्हा बोटभर फिरवायचे आणि पुन्हा ठोका, असे करत पृष्ठभागावर सारख्या अंतराची चकचकीत ठिपक्यांची ओळ उमटत होती. त्यांचे घर वरच्या मजल्यावर, आणि माल हातगाडीवरून बोहरी आळीकडे जातो. कामावर जाण्यासाठी त्यांना कोणतेही वाहन लागत नाही. वाहतूककेंद्री विकासाचा अंतिम हेतू जो सांगितला जातो, तो या माणसाच्या रोजच्या जगण्यात मेट्रो येण्यापूर्वीच पूर्ण झालेला आहे, आणि म्हणून पेठांपुरता नियोजनाचा पहिला प्रश्न काय बांधावे हा नसून काय मोडू नये हा आहे, असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ येथे काही करू नये असा मुळीच नाही. त्याच आळीपासून थोड्या अंतरावर एका वाड्यात आम्हाला आत बोलावले गेले. लाकडी जिन्याच्या दोन पायऱ्या दोरीने बांधलेल्या होत्या, मागच्या भिंतीला टेकू दिलेला होता, आणि तेथील आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात आम्ही मागच्या खोलीत निजत नाही हो.” वाड्याला अनेक वारस, त्यात जुने भाडेकरू, भूखंड अरुंद आणि आत खोल, समोरची गल्ली जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी. अशा मिळकतीला चार निर्देशांकाचा उपयोग नाही, कारण तो रुंद रस्ता आणि मोठा भूखंड मागतो. शनिवारवाड्याच्या बाजूला तर आणखी एक बंधन आहे: संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असल्याने तेथील कित्येक वाड्यांची पुनर्बांधणी अडून राहिली आहे. म्हणजे एकाच वर्तुळात काही घरांना नियम भरभरून देतो आणि काहींना पडक्या भिंतीसह तसेच ठेवतो. शेजारच्या चार-पाच वाड्यांनी एकत्र यावे, मधले चौक आणि बोळ चालण्यासाठी खुले राहावेत, रस्त्याकडेला दुकानेच असावीत आणि भाडेकरूंना तेथेच घर मिळावे, अशा अटींवर मध्यम उंचीची पुनर्बांधणी देणारा या पेठांसाठीचा स्वतंत्र आराखडा हवा आहे. आज जे घडते ते उलटे आहे: नव्या इमारतीचा संपूर्ण तळमजला वाहनतळाला जातो, आणि जेथे ओटा, दुकान आणि ओळखीचा चेहरा होता तेथे जाळीच्या फाटकामागे दुचाकींची रांग दिसते.

मंडई स्थानकावर उतरणाऱ्यांनी सरळ तुळशीबागेकडे न जाता आधी महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याला एक प्रदक्षिणा घालावी. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झालेली ही इमारत आणि तिच्याभोवतीचे रस्ते पाहिले की शहराच्या मध्यभागी बाजार कसा बसवतात हे कळते. येथून लक्ष्मी रस्ता आम्ही सहा मिनिटांत गाठला. वाटेत गर्दी होती, पण मोठा रस्ता एकही ओलांडावा लागला नाही. एका भाजीवाल्या मावशींना विचारले, मेट्रोने काय फरक पडला? त्या म्हणाल्या, “पिंपरीची गिऱ्हाइकं यायला लागली, पण ती दोन किलोच नेतात. हातात धरून न्यायचं ना.” हे वाक्य मी नकाशाच्या कडेला लिहून ठेवले. चालत येणारा ग्राहक कमी नेतो, पण पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याला पिशवी टेकवायला बाक, सावली आणि सपाट पदपथ लागतो. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१८ साली वाहनतळ धोरण मंजूर केले आहे. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होतो. त्या एका दिवशी जे शक्य होते ते मंडई स्थानकाच्या दारापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत रोज का असू नये, याचे पटेल असे उत्तर मला सापडले नाही. गणेशोत्सवात ही फेरी करू नये. करायचीच असेल तर कसबा पेठेत उतरून सकाळी लवकर चालत यावे, कारण मंडईचे जिने तेव्हा अलोट गर्दीने भरलेले असतात.

स्वारगेटला मेट्रो, एसटी आणि पीएमपी ही शहर बस एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. देशातील बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये याच कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर झाला होता. स्थानकातील पाट्या नीट वाचून योग्य दाराने बाहेर पडावे. आम्ही चुकीच्या दाराने वर आलो आणि जेधे चौकाचा वळसा घालण्यात अकरा मिनिटे गेली. सामान घेऊन एसटी पकडणाऱ्याने हा वेळ हिशेबात धरावा. कात्रजकडे भुयारी मार्ग पुढे जाणार आहे, तेव्हा या चौकातील अदलाबदल आणखी वाढेल, आणि येथे मनोरे उभारण्याच्या कितीतरी आधी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत छत्री न उघडता जाता आले पाहिजे.

पुढच्या शनिवारी मी मंडईची फेरी पुन्हा केली, या वेळी आईला घेऊन. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे हळू चालते. तिच्याबरोबर लिफ्टने वर आलो, घड्याळ लावले आणि ती जशी चालेल तसे चाललो. उंच कडेच्या पदपथावर चढण्याऐवजी ती रस्त्यानेच चालत राहिली, दोनदा दुचाकींना वाट देण्यासाठी थांबली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसली. दहा मिनिटे झाली तेव्हा आम्ही तुळशीबागेतील राममंदिराच्या जेमतेम दारात होतो. नकाशावर मी दुसऱ्या रंगाने तिचा आकार काढला. आमच्या आकाराच्या तो निम्माही भरला नाही. तुम्ही जाल तेव्हा घरातील एका ज्येष्ठ माणसाला किंवा लहान मुलाला सोबत न्या आणि दुसऱ्या रंगाची पेन्सिल विसरू नका.