पाणी कुठवर आलं?

नवं ग्राफिक्स कार्ड आणलं की लगेच गेम खेळायचा नसतो. आधी मोजायचं. रविवारी दुपारी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, ब्रशने धूळ झटकली आणि इतकी वर्षं इमानाने राबलेल्या जुन्या कार्डावर, जीटीएक्स १०६० वर, शेवटची टेस्ट लावली. 'हेवन' हा बेंचमार्क, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं ते मोजणारी टेस्ट, २००९ सालचा; कार्डापेक्षाही म्हातारा. तेच हवेत तरंगणारं गाव, तोच ड्रॅगनचा पुतळा, तीच दगडी फरसबंदी. पहिला रन मी धरत नाही. कार्ड गार असतं, उगाच फुशारकी मारतं. पुढचे तीन धरायचे, तेही खोलीचा पंखा त्याच नंबरवर ठेवून. एवढ्या निगुतीनं मी स्वतःचं बीपी कधी मोजलेलं नाही.

मग नवं आरटीएक्स ४०६० आत गेलं. आकडा जवळपास दुप्पट! वीज मात्र १२० वॅटच्या जागी ११५. पण माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला साठाच्या वर चित्रं तो दाखवतच नाही. वाढलेल्या फ्रेम्स कागदावरच.

१०६० बाजारात आलं जुलै २०१६ मध्ये आणि त्याच ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला. पूर आला की नाशकात क्युसेक कोण विचारतं? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, एवढंच. लहानपणी आजोबा बोट धरून होळकर पुलावर न्यायचे. खाली गढूळ पाणी, वाहत आलेले ओंडके, आणि सगळ्या गर्दीचे डोळे मारुतीवर. "कमरेला लागलं." "छातीला." छत्र्याछत्र्यांतून बातमी मागे सरकायची. आजोबा मात्र कुठल्याच पुराला पास करत नसत. "हॅ! एकोणसत्तरला बघायला हवं होतंस." शेजारी उभा असलेला कुणीतरी अनोळखी म्हातारा लगेच मान डोलवायचा. १९६९ चा महापूर त्या दोघांच्या मालकीचा होता. तो मोडला असता तर त्यांना वाईटच वाटलं असतं.

संध्याकाळी आई चहा घेऊन आली. मी उत्साहाने दोन्ही आकडे दाखवले. तिने ते पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "आवाज का येत नाहीये रे?"

म्हटलं, काम नसलं की नव्या कार्डाचे पंखे फिरतच नाहीत.

"रात्री त्या घरघरीवरून कळायचं, तू अजून जागा आहेस ते," ती म्हणाली. "आता उठून दाराखालचा उजेड बघावा लागेल."