टाचा उचला

साताऱ्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन जवळ आली की पोटऱ्या नि गुडघे धरून माणसं येऊ लागतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दिवशी दोघं आली.

सकाळी पंचेचाळिशीचे एक बँक अधिकारी लंगडत आले. वर्षानुवर्षं आतून आधार असलेले जाड बूट वापरायचे. मग कुठंतरी वाचून पातळ तळव्याचे, झिरो ड्रॉपचे, म्हणजे टाच नि चवडा एकाच उंचीवर असलेले घेतले आणि महिन्याभरात त्यांवरच घाट सुरू केला. पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या हाडावर मी अंगठा दाबला तर कळवळले. एक्स-रे स्वच्छ होता. पण असली बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बहुतेकदा त्यात दिसतच नाही. एमआरआय करायला सांगितला. पुढं स्ट्रेस फ्रॅक्चरच निघालं.

"पण मॅडम, तो इथिओपियाचा बिकिला १९६० ला रोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अनवाणी जिंकला की!"

"सर, त्यानं सरावही अनवाणी केला होता. आणि १९६४ ला टोकियोत तोच बूट घालून जिंकला."

चांगल्या पायावर उभं करून टाच उचलायला लावली. नऊ वेळा, आणि पाय थरथरायला लागला. साधारण पंचवीस तरी जमायला हव्यात. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर उंच असते. ती उंची काढली की गुडघ्यावरचा भार थोडा उतरतो खरा, पण तो पोटरीवर, टाचेमागच्या कंडरेवर (अकिलीस टेंडनवर) आणि चवड्यावर येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. याची घाई करणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण ती मनापासून धावणारी माणसं असतात.

संध्याकाळी जावळीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. पोलीस भरतीची तयारी, ८०० मीटरचा सराव. नडगीच्या आतल्या कडेला दुखत होतं. तिचा पाय धावताना आत कलतो म्हणून आधाराचे बूट घ्या, असं कुणीतरी सांगितलेलं. वडिलांनी दुधाच्या पैशातून घेतले. दुखणं तसंच.

तिलाही टाच उचलायला सांगितली. तीस झाल्या, मीच थांबवलं. प्रत्येक वेळी तळव्याची कमान सुरेख वर येत होती. पाय आत कलतो, पण भक्कम आहे. मग विचारत गेले, तेव्हा कळलं: तारीख जवळ आली म्हणून तिनं फेऱ्या दुप्पट केल्या होत्या, त्याही मैदान सोडून डांबरी रस्त्यावर.

"फेऱ्या निम्म्या कर, मातीवर धाव. बूट तुला हलके वाटतील ते घाल. जुने बरे वाटतात ना?"

तिनं वडिलांकडं बघत मान हलवली.

"मग हे वाया गेलं का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. सावकाश, लांब धावायचं असेल त्या दिवशी घालू दे."

त्यांनी उपरण्यानं बुटाचा तळ पुसला आणि जोड पिशवीत ठेवला.