कॅल्शियम नॉर्मल होतं, तरी गोळ्या सुरू झाल्या

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी कागदावर फुलपाखरासारखी थायरॉइड काढली आणि तिच्या पाठीमागे पेनाने चार टिंबं दिली. "या पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे यांचं काम." मसुराच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी थायरॉइडला चिकटून असतात. त्या जागेवर ठेवून थायरॉइड सोडवली तरी त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दुखावू शकतात, आणि मग त्या काही दिवस किंवा काही आठवडे कामच करत नाहीत. माझी संपूर्ण थायरॉइड काढायची होती. पण मी मात्र आवाज जाईल का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

सकाळी ऑपरेशन झालं. संध्याकाळी रक्त घेतलं, तर कॅल्शियम ८.८. नॉर्मल. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याच रक्तातून पॅराथायरॉइडचं हार्मोन, म्हणजे पीटीएच, तपासलं होतं. ऑपरेशनआधी ते ४६ होतं, आता ७.

"कॅल्शियम चांगलं आहे ना, मग काळजी कसली?" मी विचारलं. खरं तर जरा वैतागूनच.

सर्जनबाई खुर्ची ओढून बसल्या. हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं. ग्रंथींनी पुरवठा थांबवला की त्याचा आकडा लगेच कोसळतो. कॅल्शियम मात्र हळूहळू उतरतं आणि बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तळ गाठतं. म्हणजे आजचं कॅल्शियम फक्त आजचं सांगतं, पीटीएच परवाचं सांगतं. "उद्या घरी सोडलं असतं, तर परवा रात्री तुम्हाला त्रास झाला असता." शिवाय माझं ड जीवनसत्त्व आधीपासूनच कमी होतं, तीही एक जोखीमच.

त्याच रात्री कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप, सुरू झालं. साधं ड जीवनसत्त्व का नाही, याचं उत्तर मला फार पटलं: मूत्रपिंडात ते कामाचं रूप घेतं, त्यालाही पीटीएचच लागतं. म्हणून तयार रूपच द्यायचं.

दुसऱ्या दिवशी ८.१. तिसऱ्या दिवशी पहाटे ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. आधी सांगितलेलं नसतं तर हात अवघडला असेल म्हणून मी कूस बदलून झोपले असते. बेल दाबली. कॅल्शियम घसरलंय का हे पाहायला सिस्टरनी दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवून ठेवला, तशी तीन मिनिटांच्या आतच मनगट आत वळलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. माझाच हात माझं ऐकत नव्हता, त्याची भीती अजून आठवते. रिपोर्ट ७.४. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश दिलं, छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून. थोड्या वेळाने ओठ मोकळे झाले. गोळ्या आधीच सुरू नसत्या तर आकडा किती खाली गेला असता, हा विचार मी त्या खाटेवर पडून बराच वेळ करत होते.

पाचव्या दिवशी घरी आले. घरी खरी कसरत वेळेची. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम जेवणासोबत, आणि दोघांत किमान चार तासांचं अंतर, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. पहिल्या आठवड्यात माझी दोनदा चूक झाली, मग वेळा लिहून स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवल्या.

सहा आठवड्यांनी पीटीएच १८ आला. कॅल्सिट्रायॉल टप्प्याटप्प्याने कमी केलं, दर कपातीनंतर रक्त तपासून. तीन महिन्यांनी ३१. त्या रात्री पहिल्यांदा कॅल्शियमची एकही गोळी न घेता झोपायला गेले, आणि दिवा मालवण्याआधी बोटांची टोकं एकमेकांवर चोळून पाहिली.