बेथनल ग्रीन अपडेट: सरासरी सोडली, आता वयोगट

मंडळी, बेथनल ग्रीनची, म्हणजे पूर्व लंडनच्या त्या गरीब वस्तीतल्या मृत्यूंची, शीट बरीच पुढे सरकलीये. एडविन चॅडविकच्या १८४२ च्या सार्वजनिक आरोग्यावरच्या रिपोर्टातला तक्ता आपल्या सगळ्यांना पाठ आहे, बेथनल ग्रीनमध्ये मरतानाचं सरासरी वय साहेबलोक ४५, दुकानदार मंडळी २६, मजूर नि त्यांची पोरंबाळं १६, आणि तिकडे खेडवळ रटलंड परगण्याचा मजूर ३८, म्हणजे मँचेस्टरच्या साहेबाच्या बरोबरीला, तोही ३८ च! पण या १६ ला कुणी आयुर्मान म्हणून फिरवलं की माझं डोकं फिरतं. मजूर काय सोळाव्या वर्षी पटापट मरत नव्हते, मेलेल्यांत तान्ही पोरं भरमसाट म्हणून सरासरी खाली, आणि ज्या वर्गात मुळात पोरं जास्त तिथे ती अजूनच घसरते. नीसन या आकडेतज्ज्ञाने १८४४ मध्येच यावरून चॅडविकला धुतलं होतं. शिवाय धंदा आटोपून घरी बसलेला म्हातारा कागदावर 'जंटलमन' होतो, मग त्या वर्गाचं वय वाढणारच की.

म्हणून वयोगटवार मृत्युदर. छेदाला, म्हणजे त्या वयाची माणसं किती होती यासाठी, १८५१ ची जनगणना, कारण १८४१ मध्ये पंधराच्या वरची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढलीयेत. मृत्यू १८५० ते ५२ चे, १८४९ चा कॉलरा मुद्दाम बाहेर ठेवलाय.

खरी कटकट मेलेला कुठल्या वर्गातला हे ठरवण्याची. चर्चच्या दफनाच्या रजिस्टरात वय असतं पण धंदा नाही, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बापाचा धंदा असतो, मृत्यूची सर्टिफिकेटं विकत घेत बसलो तर दिवाळं निघेल. मग लहान पोरांपुरतं दोन्ही जोडतोय, नाव, पत्ता नि वय जुळलं की बापाचा धंदा पोराच्या ओळीत. कंटाळवाणं आहे पण जुळलं की मजा येते, आणि पोटात कालवतंही, एकाच विणकराची दोन पोरं लागोपाठच्या ओळीत. १८४० च्या दशकात तिथे नवी चर्चं धडाधड उभी राहिली त्यामुळे बाप्तिस्मे विखुरलेत. बाप्तिस्म्याआधीच गेलेली बाळं तर हाती लागतच नाहीत, म्हणजे पहिल्या महिन्याचा दर कमीच दिसणार.

रेशीम विणकरांना मजुरांत टाकायचं की कारागिरांत यावर डोकं फोडण्यापेक्षा १९११ च्या ब्रिटिश सरकारी वर्गवारीसारखी कापडवाल्यांची वेगळी रांगच केलीये. मोठ्यांचं अजून लटकलंय, लंडन हॉस्पिटलात मेलेला बेथनल ग्रीनचा माणूस शेजारच्या व्हाइटचॅपल जिल्ह्याच्या खात्यात पडतो.

पुढचा नंबर बेथनल ग्रीनमधल्याच हॅकनी रोड उपजिल्ह्याचा. तिथली दफनं कुणी टाइप करून ठेवली असतील तर प्लीज सांगा.