धुराडं गेलं, भोक राहिलं

जुन्या नाशकातल्या घराच्या मागच्या पडवीत भर दुपारी जमिनीवर कवडसा पडला, की पत्र्याला भोक आहे हे वर न बघताही कळतं. भोक चौकोनी असो की फाटकं, बारीक असेल तर कवडसा गोलच. ते सूर्याचं चित्र असतं. दहा फुटांवरून पडलेलं साधारण इंचभर. ग्रहणात त्याचीच कोर होते, मग शेजारची पोरंही पडवीत जमतात.

हे झालं खिळ्याच्या भोकाचं. बंबाच्या धुराड्याचं भोक चार इंची. गीझर आला, बंब भंगारात गेला, भोक तेवढं वारसाहक्काने राहिलं. त्यावरचे घरोघरीचे उपाय सगळे वरून थापायचे: डांबर, इपॉक्सी, सिमेंट, किंवा उलटा डबा आणि त्यावर वीट. डांबर एप्रिलात ओघळतं. दहा फुटी पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने जेमतेम दीड मिलिमीटर लांबतो, पण रोज लांबतो आणि रोज आखडतो. कडक लेप तेवढ्यानेच सुटतो.

दुखणं असतं वरच्या कडेला. पाणी आढ्याकडून वळचणीकडे धावतं, ठिगळाच्या वरच्या कडेशी अडतं आणि आत वाट काढतं. म्हणून ठिगळ त्याच नालीच्या पत्र्याचं घ्यावं. त्याची वरची कड आढ्याच्या टोपीखाली, नाहीतर वरच्या पत्र्याखाली सहा इंच सरकवावी आणि खालची कड जुन्या पत्र्यावर घ्यावी. भोक आढ्यापासून लांब असेल तर ठिगळही लांबलचक होतं. होऊ द्यावं, कंजूषपणा करायची ही जागा नव्हे. नाशिकचा पाऊस त्र्यंबकच्या बाजूने, पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा उभ्या जोडाचं उघडं तोंड शक्यतो पूर्वेला.

कडांखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन पत्र्यावरचं जस्त खातं. स्क्रू नालीच्या माथ्यावर, खालच्या पर्लिनमध्ये (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या वाशात) मारावा आणि रबरी वायसर जरासा फुगेपर्यंतच आवळावा. चपटा केला की लवकर चिरतो. पर्लिन नाही तिथे दर तीन इंचांवर बंद तोंडाचं रिव्हेट. पत्रा कात्रीने कापावा. ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटतात आणि पहिल्या सरीनंतर सगळीकडे तांबडे ठिपके उठतात, मग लोक नव्या पत्र्याला नावं ठेवतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये बंद पडलेला टर्बो पंखा (छतावरचा वाऱ्याने फिरणारा) काढला की उरणारं भोक दोन फुटी असतं. तिथे ठिगळाखाली आडवा अँगल हवाच, नाहीतर पत्रा लवून त्यावर पाणी साचतं.

आणि त्याच शेडवर उजेडासाठी अधूनमधून फायबरचे पत्रे असतात. उन्हाने ते ठिसूळ होतात. छताला सरसकट पांढरा रंग मारला की लोखंडी कोणता, फायबरचा कोणता, वरून ओळखू येत नाही. स्क्रूंच्या रांगेवरून चालावं म्हणतात, ते लोखंडी पत्र्यापुरतं. फायबरवर फळी टाकल्याशिवाय पाय देऊ नये. खाली वीस फुटांवर काँक्रीट असतं.