वाळत घातलेला पांढरा शर्ट

दुपारी दोनचं ऊन आणि दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट. ब्लॅक अँड व्हाइट फोटोसाठी याहून खट्याळ विषय शोधून सापडायचा नाही. मुळात रंगच नाही, म्हणजे काम सोपं, असं वाटतं. नीट पाहिलं तर उन्हातली बाही पिवळसर असते आणि चुण्यांमधली सावली चक्क निळी, कारण तिथे सूर्य पोचत नाही, आभाळ पोचतं.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला शर्ट-बिर्ट कळत नाही. त्याला सगळं जग राखाडी हवं. बाहीवर रोखून त्याचं ऐकलं तर शर्ट मळका येतो. दीड-दोन स्टॉप जास्त द्यावे लागतात (एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट). ते देताना हात चुकला तर काय, इथे फिल्म आणि डिजिटलच्या वाटा फुटतात.

फिल्मच्या निगेटिव्हवर पांढरं काळं उमटतं, आणि तिला उजेड जास्त झालेला चालतो. दोन स्टॉप जास्त गेले तरी कापडाची वीण त्या दाट काळ्यात शाबूत असते. प्रिंट काढताना तेवढ्या भागाला जादा उजेड दिला की वर येते. उजेड कमी पडला तर मात्र संपलं. सावलीत फिल्मवर चांदीच जमली नाही, तर डेव्हलपरचं रसायन ती कुठून आणणार? म्हणून फिल्मवाले सावलीवर मीटर धरतात आणि त्यातून दोन स्टॉप वजा करतात. डिजिटलचं बरोबर उलट. सावल्या उपसून काढता येतात, फार तर नॉइज, म्हणजे ठिपक्यांची कचकच, येतो. पण सेन्सरचं मापटं एकदा भरलं की बाही म्हणजे कोरा कागद. तिथे आधी कॉलर सांभाळायची. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही तिन्ही रंगांचा पाहायचा. एकट्या उजेडाचा आलेख ठीक दिसत असताना लाल रंग काठाबाहेर गेलेला असू शकतो.

चुण्या ठसठशीत हव्यात तर फिल्मवर पिवळा फिल्टर. साधारण एक स्टॉप खातो, निळी सावली गडद करतो. निर्णय बटण दाबायच्या आधी घ्यायचा, नंतर अपील नाही. डिजिटलमध्ये रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेलं सगळं जसंच्या तसं) असेल तर निळ्याची पट्टी नंतर सावकाश खाली ओढता येते. फार ओढली की सावलीत किरकिरे ठिपके उठतात आणि शर्ट आभाळाला भिडतो त्या कडेला पांढरी रेघ येते. नुसती ब्लॅक अँड व्हाइट जेपेग घेतली असेल तर ओढायला रंगच उरलेला नसतो. 2012 मध्ये लायका कंपनीनं एम मोनोक्रोम हा कॅमेरा काढला, सेन्सरवर रंगांची जाळीच नसलेला. तपशील अप्रतिम, पण डिजिटल कॅमेऱ्याला पुन्हा काचेचा पिवळा फिल्टर लावायचा, ही गंमत आहेच!

फिल्मची खरी मेख डेव्हलपिंगमध्ये आहे. एचपी5 प्लस ही फिल्म, 400 आयएसओला (उजेड टिपण्याच्या वेगाचा आकडा) काढलेली, आयडी-11 डेव्हलपरमध्ये 1+1 (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), 20 अंशांना 13 मिनिटं. दर मिनिटाला पहिल्या दहा सेकंदांत टाकी चारदा उलटायची. उत्साहानं जास्त हलवली तर बाही आणखी दाट होते. कडक उन्हाचा रोल असेल तर वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करावी: सावल्या फारशा हलत नाहीत, पांढरं खाली उतरतं. अडचण एवढीच की टाकीत सबंध रोल जातो. उरलेल्या पस्तीस फ्रेम ढगाळ संध्याकाळी काढलेल्या असल्या तर त्या शर्टापायी मरगळतात. आणि हे सगळं, टाकीतलं फिल्म गुंडाळायचं रीळ कोरडं असेल तर. किंचित ओल राहिली की फिल्म अर्ध्यात अडकते, अंधारात जोर केला की मुरडते आणि प्रत्येक मुरडीचा चंद्रकोरीसारखा डाग उठतो.

डिजिटल फोटोवर मागाहून ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे रवे, भुरभुरणाऱ्यांशी मात्र पटत नाही. खरा ग्रेन मधल्या राखाडीत जास्त दिसतो, लख्ख पांढऱ्यात जवळजवळ नाहीच. शर्टावर सगळीकडे सारखा पसरला की कापडाला घामोळं आल्यासारखं दिसतं.

उन्हातला शर्ट असेल तर फिल्म. तोच शर्ट रात्री खुंटीला, एका दिव्याच्या उजेडात असेल तर बिनदिक्कत डिजिटल. कमी उजेडात 6400 आयएसओला ढकललेल्या फिल्ममध्ये सावल्यांचा नुसता कोळसा होतो.

एवढा हिशेब होईतो शर्ट वाळलेला असतो आणि कुणीतरी तो काढून नेलेला असतो. दोरीवर दोन चिमटे. त्यांना मोबाइल पुरे.