सोनेरी विग आणि विमा एजंट

बिली वाइल्डरचा १९४४ सालचा 'डबल इन्डेम्निटी' हा चित्रपट पाहून उठलेल्या मंडळींत पहिला वाद रंगतो तो खुनावर नव्हे, तर बार्बरा स्टॅनविकच्या सोनेरी विगवर. इतका नकली विग दिग्दर्शकाने चालवून कसा घेतला, असे एक जण विचारतो आणि तिने रंगवलेली फिलिस ही बाईच नकली असल्यामुळे तो मुद्दाम तसा ठेवला आहे, असे दुसरा ठासून सांगतो. चित्रपट काढणाऱ्या खुद्द पॅरामाउंट कंपनीचा एक बडा अधिकारी, आपण स्टॅनविकला घेतले आणि आला (पावडर लावलेल्या केसांचा) जॉर्ज वॉशिंग्टन, असे म्हणून वैतागला होता म्हणतात.

दुसरे मत मात्र जवळजवळ एकमुखी असते: बाईच्या नादी लागून, विम्याच्या पैशांसाठी तिच्या नवऱ्याचा खून करून, चांगला माणूस वाया गेला. ते मला पटत नाही. वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला मुरलेला विमा एजंट, आणि फिलिसच्या पायातले पैंजण त्याच्या नजरेत भरण्याच्या कितीतरी आधीपासून, आपल्याच कंपनीला गंडा कसा घालता येईल हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. रेल्वे अपघातात मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम मिळते, तेव्हा नवऱ्याचे मरण रेल्वेतच घडले पाहिजे, हा हट्टही त्याचाच. बाई फक्त निमित्त झाली. मोह तर रोजच्या कामातच होता.

या चित्रपटातले मला सर्वांत भयंकर वाटणारे दृश्य म्हणूनच खुनाचे नाही. मोटारीच्या विम्याचीच दुसरी प्रत आहे, अशा समजुतीने फिलिसचा नवरा स्वतःच्या अपघात विम्याच्या अर्जावर सही ठोकतो, ते आहे. माझ्या सासऱ्यांची उभी हयात विम्याच्या कचेरीत गेली, इतका शहाणा माणूस न वाचता सही कशी करील, या आमच्या आक्षेपावर ते शांतपणे म्हणाले, "फुली मारून दिली की माणसं कुठेही सही करतात."

प्रेक्षकाची खरी परीक्षा होते ती पुढे. प्रेत रुळांवर टाकून दोघे गाडीत बसतात आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. वाइल्डरने हा क्षण असा ताणला आहे, की एरवी मालिकांतल्या खलनायिकांना शिव्याशाप देणारी माझी आई त्या वेळी पुढे सरसावून "हो गं बाई सुरू एकदाची" असे पुटपुटली. पुढे एडवर्ड जी. रॉबिन्सनने रंगवलेला, नेफच्याच कंपनीत दावे तपासणारा कीज आत्महत्यांची आकडेवारी धडाधडा सुनावतो, तेव्हा त्याच्या हुशारीला दाद देतानाच, याला काही सापडू नये, असेही वाटत राहते. नेफच्या सदनिकेचे दार बाहेरच्या बाजूला उघडते, ही चूक अनेक चोखंदळ प्रेक्षक दाखवून देतात. मला मात्र त्या दाराआड दडलेली फिलिस कीजला दिसू नये, एवढीच काळजी लागलेली असते.

शेवटी फिलिसला नेफबद्दल खरेच काही वाटले होते का, यावर आमच्याकडे चहा गार होईपर्यंत चर्चा चालली. सासरे तेवढे तिच्यात पडले नाहीत. "अर्जावरची सहीच फसवून घेतलेली," ते म्हणाले, "दुप्पट सोडा, एकपट क्लेमही बसत नाही."